गोजरबाईची गोधडी आणि तुझी लाल पोथी

कुंभार पिंपळगाव,
गुरुवार

वसंता, जाळून टाक म्हणून कार्ड पाठवायला तुला लाज कशी वाटली न्हाई? सात वर्षं तुझं ते हातानं लिहिलेलं बाड माझ्या देवाऱ्याखाली आहे. जाताना तूच म्हणाल्तास, अक्का, जिवापाड जप, एक दिवस सगळी दुनिया वाचील. आता नांदेडात बँकेचा साहेब झालास, मोठ्या घरची बायको केलीस, तर क्रांतीचं लिखाण सासऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून मी चूल पेटवू का? (आशीर्वाद लिहायचा राह्यला. घे. तुझ्या दाजींचा गुडघा दुखतो, जीभ ठणठणीत आहे. तुझं पोट कसं आहे?)

जाळता येत न्हाई, कारण ती पोथी लागलेली आहे, आणि लावलेली पोथी अर्धी सोडत न्हाईत. झालं असं, की मार्गशीर्षात आम्ही जिनिंगवरच्या बावीसजणी, कापसातला कचरा निवडणाऱ्या, माझ्या ओट्यावर पोथी ऐकायला बसलो. गोजरबाईनं पोथीचं समजून देवाऱ्याखालचं लाल फडकं सोडलं, ते निघालं तुझ्या बाडाचं. मी तेच पाटावर मांडलं. मनात म्हणलं, सात वर्षांनी तरी कळू दे तू काय लिहिलंस. धडाधड वाचणारी आमच्यात एक नूरबीच, चौथी शिकलेली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "अक्का, ह्यात देवाचं नाव कुठं न्हाई." गोजरबाई म्हणाली, "येईल पुढच्या अध्यायात. तू वाच."

पाच अध्याय झाले, देव आला न्हाई, पण एकही बाई उठून गेली न्हाई. (भांडवल भांडवल एका पानात सोळा वेळा कशाला लिहावं? वाचणारीला दम लागतो.) पाचव्यात मात्र तू लिहिलंस, खरा कलावंत म्हणजे कष्टकरी, आणि मालक त्याच्या हातची कला फुकट नेऊन आपलं घर सजवतो. हे बिलकुल बराबर कळलं. गोजरबाईनं दोन महिने खपून शिवलेली मोराची गोधडी मुकादमानं बघायला म्हणून नेल्ती. ती मालकाच्या गादीवर पसरलेली आम्ही सगळ्या रोज बघतो.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई थेट हापिसात. मालक गोधडीवर बसून चहा पिऊन राह्यलाता. ती म्हणाली, "उठा. पाचवा अध्याय झाला." आणि ओढली. चहा धोतरावर, गोजरबाई कामावरून बाहेर. मंग आम्हीबी कापसाला हात लावला न्हाई. आज चौथा दिवस. फाटकासमोर त्याच मोरावर बसून तेच पाच अध्याय फिरून ऐकून राह्यलो. घरी भाकरी तुझे दाजी थापतात. त्या खाल्ल्यास तर क्रांतीचं नाव पुन्हा काढणार न्हाईस.

पत्र माझ्या दुसरी शिकलेल्या हाताचं आहे, नीट लावून वाच.

तुझी अक्का,
तुळजाबाई

ता. क. काल नूरबीनं सहावा अध्याय उघडला. वर लिहिलंय, संपानंतर काय करावे. खाली "तेव्हा कामगारांनी ताबडतोब" एवढंच. पुढचं उंदरांनी खाल्लं. मालकानं मंगळवारी बोलणीला बोलावलंय. गोजरबाई परत कामावर येती, का बावीसजणी घरी बसतात, ते त्या दिवशी ठरंल. ताबडतोब काय करायचं, ते जल्दी लिहून पाठव.

दुसरा ता. क. तुलाच आठवत नसंल तर तसं लिही, लाजू नको. गोजरबाई म्हणती, सहावा आपणच लिहू. लिहू, पण नाव तुझंच टाकू आणि पहिली प्रत तुझ्या सासऱ्याला पाठवू. सोमवारच्या टपालात तुझं उत्तर पाहिजे.