लाल खुर्ची रिकामी राहिली

श्रावणातला रविवार, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा दिवस. संध्याकाळ.

आज पंगतीत मांडी घालून बसलो! गेल्या कानबाईला या गुडघ्यापायी भाऊबंदांपासून वेगळा, लाल खुर्चीवर बसून रोटाचा प्रसाद खाल्ला होता. खुर्चीत वाईट काय होतं? काही नाही. पण तो एकट्याचा घास अजून सलतो.

शहाद्याची फिजिओथेरपिस्ट म्हणाली होती, "बाबा, गुडघ्याला तेल किती चोळाल? मांडीमागचे स्नायू आखडलेत, दुबळे झालेत. त्यांना ताणा, बळ द्या." मग रोज सकाळी उताणं पडून, तळव्याला उपरणं अडकवून पाय सरळ वर ओढायचा. नंतर त्याच लाल खुर्चीची पाठ धरून टाच मागे उचलायची. दहा आकडे मोजा म्हणाली, पण आकड्यांत मन कसं रमणार? मी चौथीतली पावसाची कविता म्हणायचो, एका पायाला एक कडवं. पहिल्या दिवशी तंद्रीत अख्खी कविता म्हटली आणि पायात असा गोळा आला की बोंबललोच!

आज पानं मांडताच थोरले भाऊ अण्णा ओरडले, "नानानी खुर्ची लई या रे!"

कुणी माझी खुर्ची आणायच्या आत मी खाली बसलो. पोटभर जेवलो. आणि हात न टेकता उठलो. हात न टेकता!

"कसा उठना रे तू?" अण्णांनी विचारलं.

व्यायाम सांगितला, कवितेसकट. अण्णा खो खो हसले, "सत्तरीमा कविता म्हनी ऱ्हायना!"

पण हात धुताना जवळ आले आणि स्वतःचा गुडघा दाबत हळूच म्हणाले, "नाना, माले बी शिकाड ती कविता."

खुर्ची आता अण्णांकडे देतो. बसायला नाही, पाठ धरायला.