सोळा किल्टच्या चुण्या

प्रिय प्रताप,

साडेपाच फुटी इस्त्रीचा पाट, भुसा ठासून भरलेली उशी, गरम चुणीवर दाबून धरायचा मेपलचा ठोकळा, आणि इथल्या बॅगपाइप बँडचे सोळा किल्ट, ते स्कॉटिश पुरुषांचे चुणीदार घागरे. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. शिकवायला कोणी नव्हतं. एक जुना किल्ट टाका टाका उसवून, तीनदा चुकून शिकलो. एकेका किल्टला आठ वार लोकर आणि सत्तावीस चुण्या. चुण्या मिटल्या की चौकडा असा जुळायचा, की कापड दुमडलंय हे सांगावं लागायचं.

शॉमबर्ग गावातलं ते अल्टरेशनचं दुकान आपलं दोघांचं, पण गिऱ्हाइकांशी बोलणार तू, कारण तुझं बोलणं गोड. मार्चमध्ये बँडच्या प्रमुखाने हे काम कोणाचं म्हणून विचारलं, तेव्हाही तूच बोललास: माझं, मनोहर फक्त इस्त्री बघतो. मी मागे वाफेत उभा होतो, ते सोड. माझी केया काउंटरपाशी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, ‘डॅड, यू डिडन्ट से एनीथिंग?’ पोरीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं सामान उचललं, तेव्हा तू दारातून म्हणालास, जा रे, इस्त्री काय, कोणीही करतं.

परवाच्या परेडमध्ये किल्ट भिजले आणि तू कच्चे टाके न घालताच ते मशीनच्या प्रेसखाली सरकवलेस. दुकानातल्या निमिषने फोटो पाठवला. एका चुणीला दोन-दोन घड्या, वर लोकरीला तकाकी. मी तो मोठा करून, चहा घेत, सावकाश पाहिला.

पद्धत देतो, लपवालपवी माझ्या स्वभावात नाही. चुकीच्या घड्यांवर व्हिनेगरचं पाणी मारायचं. प्रत्येक चुणी कमरेपासून खालपर्यंत कच्च्या टाक्यांनी बांधायची. ओलं सुती फडकं घालून इस्त्री वरून ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवलीस की संपलं. मग ठोकळा, कापड गार होईपर्यंत. रात्रभर सपाट ठेवून सकाळी टाके काढायचे. मला एका किल्टला दोन तास लागतात. तुला पाच लागतील, आणि पहिले चार-पाच वाया जातील. आज गुरुवार आहे. शनिवारी सकाळी स्पर्धा, परीक्षक मागून चालत चुण्या बघतात.

इतकं सगळं लिहिलं ते तुझ्या कालच्या ईमेलचं उत्तर म्हणून. केयाला ते वाचून दाखवलं आणि हे पत्रही तिच्यासमोरच लिहितोय. मनोहरशेठ, जुनं विसर, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सोळाच्या सोळा करून दे, म्हणतोस. नाही देणार. तू देऊ केलेस ते नऊ हजार डॉलर तुझ्याकडेच ठेव.

अजूनही तुझाच,
मनोहर