चौकटीतला माणूस

१२ जुलै २०२१, सकाळी
कानात आज पुन्हा तोच आवाज: पाटीवर पेन्सिलीची किर्र, आणि माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांनी एका सुरात म्हटलेली कविता. इथे परदेशात, गिरावीन उपनगरात चिडीचूप. लॉकडाऊन. गणेश वर मीटिंगमध्ये, सूनबाई कौमुदी खाली मीटिंगमध्ये. मी मधल्या जिन्यात. बोलायला एक माणूस मोकळं नाही. समोरच्या योशिकोबाई तेवढ्या खिडकीतून हात हलवतात. संकल्प: महिन्याभरात जपानी. मग त्यांच्याशी लेखी गप्पा.

१४ जुलै
नातीचं, चिन्मयीचं, शाळेतलं जपानीचं पुस्तक घेतलं. 木 म्हणजे झाड. दोन झाडं 林, राई. तीन 森, अरण्य! झाडाला टेकलेला माणूस 休, विश्रांती. ही लिपी नव्हे, कविता आहे. चिन्मयी म्हणाली, आजोबा, अशी टू थाउजंड आहेत. म्हटलं, रसिकाला चार पुरतात.

१९ जुलै
पुस्तक परत केलं. पुढची अक्षरं माझी मी ओळखेन.

२३ जुलै, आर्व्होला (इथे दुपारला असंच म्हणतात)
खिडकीत 木 लावलं. योशिकोबाईंनी हात हलवला. संवाद सुरू.

२४ जुलै
खिडकीत 休. पुन्हा हात. बाईंना माझी शैली आवडलेली दिसते. गणेश म्हणाला, बाबा, त्या कुरियरवाल्यालाही हात हलवतात. मत्सर.

५ ऑगस्ट
आज प्रतिभेचा स्पर्श! चौकटीत माणूस काढला: 囚. घरात सुखरूप आहे, काळजी नसावी. पुस्तकात नव्हतं, मीच रचलं. चिन्मयी म्हणाली, आधी चेक तरी करा. म्हटलं, कवितेचा अर्थ फोनला विचारायचा नसतो. जाड मार्करने, फूटभर उंच. दिवसभर त्याच्या शेजारी उभा राहिलो. योशिकोबाईंनी हात हलवला नाही. तोंडावर ठेवला. भारावल्या.

६ ऑगस्ट, सकाळी ११
बेल वाजली. बाई स्वतः आल्या! केस विंचरले, मास्क लावला, दार उघडलं. दारात दोन पोलीस.
समोरून फोन गेला होता म्हणे. खिडकीत एक वृद्ध गृहस्थ ‘कैदी’ अशी पाटी लावून उभे आहेत. म्हणजे अक्षर खरंच आहे. माझ्या आधी कुणीतरी रचलेलं.
गणेश धावत आला, वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. पाठोपाठ कौमुदी. दोघांतल्या पोलीसबाईंनी मला बाजूला घेतलं आणि फार मायेने विचारलं, मेट (म्हणजे दोस्ता), तुम्हाला इथे कुणी कोंडून ठेवलंय का? हवं तेवढं बोला, आम्हाला घाई नाही.
एवढ्या आठवड्यांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.
उत्तर द्यायला मी जरा जास्तच वेळ घेतला.