हापशाच्या भिंतीवर काय लिहावे याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

अर्जदार: बोर्ड रंगवणारा पेंटर, हापशाची गल्ली.

विषय: हापशाच्या भिंतीवरील समजणारा मजकूर पुसून न समजणारा मजकूर पुन्हा रंगविण्याच्या आपल्या आदेशाबाबत.

संदर्भ: १) आपली नोटीस, "शासकीय मजकुराचे विद्रूपीकरण". २) अर्जदाराच्या आपल्या कार्यालयातील तीन फेऱ्या, ज्यांची नोंद कोणी घेतलेली नाही.

सोबत: भिंतीचे दोन फोटो, आधीचा व नंतरचा, डॉक्टरीणबाईंच्या वहीतील दोन पानांची नक्कल.

महोदय,

आमच्या गल्लीला घाण पाणी आपल्या कार्यालयाने पाजले. गटार फुटले, ते हापशात मुरले, हे आहेच. परंतु आपल्या तपासणीच्या कागदावरची तारीख गल्लीतल्या पहिल्या जुलाबाच्या बारा दिवस आधीची आहे. म्हणजे आपल्याला माहीत होते. आपण ते सांगितलेही, पण अशा रीतीने सांगितले की गल्ली तेच पाणी जास्त पिऊ लागली. आरोप जड वाटेल, म्हणून झाले ते अर्जदार क्रमाने मांडतो.

१. अर्जदार वीस वर्षे बोर्ड रंगवतो. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण दुकानांच्या पाट्यांवर झाले. आपल्या कार्यालयाने हापशामागच्या भिंतीचे काम त्याला दिले आणि टाइप केलेला कागद हातात ठेवला. त्यावरील मजकूर असा: "मा. मुख्याधिकारी यांच्या अधिपत्याखाली व मा. आरोग्य अधिकारी यांच्या मार्गदर्शनानुसार, साथरोग प्रतिबंधक पंधरवड्याच्या अनुषंगाने, सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, सदर जलस्रोताच्या नमुन्यांच्या तपासणीअंती प्राप्त निष्कर्षांच्या पार्श्वभूमीवर, त्यातील जलाचा प्राशनार्थ विनियोग योग्य त्या उष्मोपचाराखेरीज टाळणे इष्ट राहील." एवढे सगळे एका वाक्यात. अर्जदाराने ते तीनदा वाचले. तिसऱ्यांदा धाप लागली, अर्थ लागला नाही.

२. येथे अर्जदाराला स्वतःची चूकही कबूल करणे भाग आहे. सरकारी काम म्हणून त्याने जीव ओतला. साहेबांची पदे वर, वीतभर उंच हिरव्या अक्षरांत, काळी सावली देऊन, भोवती वेलबुट्टी. तेवढ्यात भिंत संपत आली. मग उरलेले आवळून खाली बसवले आणि पाण्याविषयी जे काय होते ते गुडघ्याच्या उंचीला गेले. तेथे सायकलवाला आपले टायर टेकवून ठेवतो. हलवायला सांगितले तर म्हणाला, "माझे टायर तुझ्या अक्षरांच्या आधीपासून इथे आहेत." ते खोटे नाही.

३. आमच्या गल्लीत भिंतीवर रंगवलेले काहीही असले तरी ती जाहिरात असते. साबण, शिकवणी, गुडघेदुखीचे तेल, सगळे अर्जदारानेच रंगवलेले आहे. हिरवा रंग, वेलबुट्टी आणि वर मोठी नावे म्हणजे माल खात्रीचा, हे गल्लीला वीस वर्षांत त्यानेच शिकवले. साहजिकच दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्या काकू रांगेत म्हणाल्या, "बघा, दोन दोन साहेबांनी शिक्का मारलाय या पाण्यावर. तुमच्या नळावर आहे का कुणाचं नाव?" हे सर्वांना पटले. नळाचे पाणी भरणारे हापशावर आले. मागच्या गल्लीतले हंडेही पाहुणे म्हणून आले. पूर्वी सकाळी पंधरा-वीस भांडी असत, सूचनेनंतर चाळीसच्या खाली कधी आली नाहीत. एवढा प्रसार रोगाला स्वतःच्या बळावर जमला नसता.

४. आठवड्यात अकरा जण आडवे झाले. अकरावी अर्जदाराची सासू. त्या लेकीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या आणि "जावयाने रंगवलंय त्याच हापशाचं आणा" असा त्यांचा हट्ट होता. तीन दिवस सलाईन लागले. बोलण्याइतके बळ आले तेव्हा त्यांचे पहिले वाक्य असे: "जावईबापू, माझ्याशी काही वैर होतं तर तोंडावर सांगायचं." बायकोने अर्जदाराच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला आणि मोरीत ओतला. अर्जदाराला ते जास्त लागले.

सासूबाईंवर उपचार करणाऱ्या, गल्लीच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी भिंतीचा फोटो वाचून सांगितले, "हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, इतकंच आहे यात." अर्जदार म्हणाला, मग तसे लिहिले का नाही? त्या म्हणाल्या, "मला काय विचारता, तुम्हीच तर लिहिलंय." अर्जदार मान खाली घालून बाहेर आला.

५. तेथून तो थेट आपल्या कार्यालयात आला. आपल्या कारकुनांनी समजावले की मजकूर मंजूर आहे, आणि मंजूर मजकूर कोणाला कळत नसेल तर त्याने समक्ष येऊन विचारावे. जुलाब झालेला माणूस दोन मजले चढून विचारायला कसा येणार, असे विचारता त्यांनी प्रसाधनगृह तळमजल्यावर असल्याची माहिती दिली. त्याला कुलूप होते, हे अर्जदाराने उतरताना पाहिले. दुसऱ्या फेरीत आपण बैठकीत होता. तिसऱ्या फेरीतही आपण बैठकीतच होता. विषय "जनजागृती" असल्याचे दारावर लिहिले होते.

६. तिसऱ्या फेरीच्याच दुपारी अर्जदाराने भिंतीला चुना फासला आणि लाल रंगात लिहिले: "या हापशाचं पाणी पिऊ नका. त्यात गटाराचं पाणी शिरलंय. दुसरं पाणी मिळत नसेल तर हे खळखळ उकळा, गार करा, मग प्या. जुलाब झाले तर लगेच दवाखान्यात जा." रंगवण्याआधी हे इस्त्रीवाल्या काकूंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "उकळायचं म्हणजे किती? माझी सून पाणी कोमट झालं की गॅस बंद करते." म्हणून "मोठे बुडबुडे येईपर्यंत" हे वाढवले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक पेला काढून त्यावर फुली मारली. इतके करून भिंत दोन हात उरली. सायकलवाल्याने टायर आपणहून उचलले. काकू मात्र संतापल्या. "एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलं? मी शेजारणींना बोलावून बोलावून पाजलं की हे पाणी."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्या वहीत गल्लीतले दोनच रुग्ण आहेत.

७. आणि आता आपली नोटीस आली आहे. शुक्रवारपर्यंत मंजूर मजकूर जसाच्या तसा, त्याच हिरव्या रंगात पूर्ववत करावा, अन्यथा कारवाई. गटार अजून फुटलेलेच आहे, कारण त्याची फाइल दुसऱ्या विभागात आहे. म्हणजे शनिवारी सकाळी चाळीस हंडे पुन्हा रांगेत, आणि सासूबाई अजून आमच्याच घरी.

८. अर्जदार स्वच्छ लिहून देतो की तो मजकूर तो पुन्हा रंगवणार नाही. कारवाई करायची असल्यास करावी, त्याचा पत्ता आपल्याकडे आहे. दुसरा पेंटर आणाल तर त्यालाही अर्जदार आधी डॉक्टरीणबाईंची वही दाखवील. साहेबांची पदे हवीच असतील तर भिंतीवर दोन हात जागा आहे. खालच्या बाजूला.

तरी शुक्रवारच्या आत लेखी उत्तर मिळावे की या हापशाचे पाणी प्यावे की न प्यावे. आपले उत्तर इस्त्रीवाल्या काकू रांगेसमोर मोठ्याने वाचणार आहेत. एकदा ऐकून माणसाला हंडा भरायचा की रिकामा परत न्यायचा, एवढे त्यातून कळले पाहिजे. कळले नाही तर अर्जदार ते उत्तर मिळालेच नाही असे समजेल आणि शनिवारी रांगेतल्या सगळ्यांना घेऊन विचारायला येईल.

उत्तर कधी देता?

आपला, अजूनपर्यंत नम्र,
(सही)
बोर्ड रंगवणारा पेंटर
सोमवार, नोटीस मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी