नानांचे पाच आणि माझा दीड

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. मी इथे ठीक आहे आणि तुम्हीही सगळी ठीक असाल असं धरून चालतो. तुझी टाच दुखायची थांबली का? दाजींनी सकाळी चालायला सुरुवात केली होती, ते अजून चालतात की नुसते बूटच दाराशी आहेत? (उत्तर आलं नाही तर समजेन.) नानांची प्रकृती मुद्दाम शेवटी विचारतो, कारण हे सगळं पत्र त्यांच्यासाठीच आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर तुमच्याकडचा फोन नानांच्या खुर्चीपासून दोन हातांवर आहे आणि तू तो नेहमी मोठ्या आवाजावर लावतेस. मोबाइलवर लिहून पाठवावं, तर तुझा मोबाइल दाजी वाचतात, आणि दाजींना कळलेली गोष्ट नानांना कळायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून हा कागद. पाकीट आलं की स्वयंपाकघरात जाऊन वाच.

मी इथे नक्की काय करतो हे तुला अजून सांगता येत नाही, हे मला ठाऊक आहे. ‘तो तिकडे दातांच्या दवाखान्यात असतो’ असं तू शेजारीपाजारी सांगतेस आणि त्यांना वाटतं मी वर्षभर दातदुखीने पडून आहे. तर नीट ऐक. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे साचे घेतात, ते साचे आमच्याकडे येतात, आणि आम्ही सातजण एका लांबट खोलीत बसून त्यावर कवळ्या बनवतो. खोलीला उत्तरेकडे मोठ्या खिडक्या आहेत, कारण दाताचा रंग उजेडाशिवाय जुळत नाही. पांढऱ्याच्या सोळा छटा आहेत, ताई. (माझे स्वतःचे दात चौदाव्या छटेचे निघाले. चहा.) हिरडीसाठी गुलाबी लगदा असतो, तो कालवला की काही मिनिटांत घट्ट होतो. तेवढ्यात आकार दिला तर दिला, नाहीतर फेकून द्यायचा. तेवढी मिनिटं आमच्या खोलीत कोणी शिंकतसुद्धा नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता वेळेचं. मी गेल्या हिवाळ्याच्या तोंडी इथे आलो, तेव्हा आपल्यात आणि यांच्यात साडेचार तासांचा फरक होता. आपण पुढे, हे मागे. साडेचार म्हटलं की इथली माणसं हातातलं काम थांबवून बघतात. चार समजतात, पाच समजतात, पण हे वरचं अर्धं कुठून आलं? सुरुवातीला मी पृथ्वी, सूर्य वगैरे सांगायला जायचो आणि मध्येच अडकायचो. हल्ली सांगतो, की आमच्याकडे कोणतीही गोष्ट ठरवताना एकजण चार म्हणतो, दुसरा पाच म्हणतो आणि शेवटी मधे तोड निघते. हे मात्र सगळ्यांना पटतं.

खरं सांगू का, मलाही तो फरक कळायचा तो फक्त हिशेबाने, मनाने नाही. आपण तर नानांच्या घरात वाढलो. शाळेत चौतीस वर्षं घंटा देणाऱ्या माणसाच्या मुलांना वेळ म्हणजे काय वाटणार? अकरा वाजायचे, कारण नाना उठून ते वाजवायचे. हेडमास्तर खिशातून घड्याळ काढून नानांच्या टोलाशी जुळवून घ्यायचे, हे आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि पाहुणे यायचे होते म्हणून हेडमास्तरांनी शेवटची घंटा दहा मिनिटं आधी द्यायला सांगितली, तर नानांनी वाद घातला नाही, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी येऊन बसले. दुसऱ्या कोणी ती घंटा दिली, तेव्हा ते तोंड भिंतीकडे करून झोपले होते. अशा माणसाच्या मुलाला परदेशात कोणी सांगितलं, की तुझ्या वडिलांकडे पाच वाजलेत तेव्हा इथे साडेबारा आहेत, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की यातले खरे किती?

नानांनी मात्र हे माझ्याआधी पचवलं. त्यांनी दाजींकडून कागदावर मांडून घेतलं आणि बुधवार ठरवला. बुधवारी त्यांच्याकडे संध्याकाळचे पाच, म्हणजे इथे साडेबारा, माझी जेवणाची सुट्टी. पूर्ण हिवाळाभर साडेबाराला मी डबा उघडायचा आणि फोन वाजायचा. बोलणं काय व्हायचं म्हणशील, तर काही नाही. जेवलास का, जेवतोय, थंडी आहे का, आहे, ताईकडे सगळं बरं, बरं मग ठेवतो. पण ते चार-पाच शब्द अगदी वेळेवर यायचे. आमची मुकादमबाई (साठीची आहे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत असते) तो फोन वाजला की आपलंही घड्याळ बघायची.

मग एका रविवारी मी उशिरा उठलो आणि पाहिलं, तर माझ्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ मोबाइलपेक्षा एक तास मागे होतं. सेल संपत आला असणार. मी खाली जाऊन नवा सेल आणला, स्टुलावर चढलो, घड्याळ बरोबर केलं. तेवढ्यात घरमालकीण चादरी घेऊन आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, की आजवरच्या एकाही भाडेकरूने हे आपणहून केलं नव्हतं, आधीच्याने तर ते सबंध उन्हाळाभर तसंच ठेवलं होतं. मी म्हटलं, आमच्या घरी वेळेला फार किंमत आहे. कौतुक कशाचं चाललंय याचा मला पत्ता नव्हता, तरी मी ते पूर्ण घेतलं.

पुढच्या बुधवारी साडेबाराला फोन आला नाही. डबा संपला, सुट्टी संपली, मी जागेवर जाऊन बसलो. त्या दिवशी एका म्हाताऱ्या गवयाची खालची कवळी होती. आदल्या दिवशी मी ती बिघडवली होती, आणि मुकादमबाई चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्या खांद्यामागे उभी होती. लगदा कालवला, हात घातला आणि बरोबर दीड वाजता फोन वाजला. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मी कोपराने तो मोठ्या आवाजावर घेतला. नाना म्हणाले, “जेवलास का?”

मी म्हणालो, “नाना, ही काय वेळ झाली? तासभर उशीर केलात. वय झालं तुमचं, घड्याळ कळेनासं झालंय.”

नाना मग “बरं, ठेवतो” म्हणाले. तोपर्यंत लगदा घट्ट झाला होता आणि हिरडीवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

त्यानंतरचं तूच मला कळवलंस. नानांनी आधी तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलला. (म्हणजे त्याच आठवड्यात बापलेकांनी दोन देशांत दोन धडधाकट सेल फेकून दिले.) मग मनगटी घड्याळ दुरुस्तीला नेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, यात दोष नाही, आणि नानांनी लगेच ओळखलं की दोष कुठे आहे. तुला न सांगता डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने वार विचारला, तारीख विचारली, महिने उलटे म्हणायला लावले. नानांनी सगळं बिनचूक सांगितलं. डॉक्टरने पाठ थोपटली आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या, तिथेच घात झाला. गोळ्या दिल्या म्हणजे आजार आहे. आणि मी शहाणा, तुझं ऐकून इथे लोकांना सांगत फिरलो, की वडिलांचं हल्ली वेळेचं भान सुटत चाललंय.

ते मी महिन्याभराने मुकादमबाईलाही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, कोणता बुधवार ते विचारलं, आणि शेल्फावरून एक तयार कवळी उचलली, वरची आणि खालची. म्हणाली, वरचा जबडा हा तुझा देश, खालचा आमचा. वरचा कधी हलत नाही, कुणाचाच नाही. आम्ही मात्र उन्हाळा आला की खालचा एक तास पुढे सरकवतो आणि पानगळीला परत मागे आणतो, शनिवारी रात्री सगळे झोपलेले असताना. मोबाइल आपोआप सरकतो, भिंतीवरचं घड्याळ हाताने सरकवायचं असतं. असं म्हणून तिने खालची कवळी जराशी पुढे ढकलली आणि ते दात एकमेकांवर बसेनासे झाले. माझा साडेबारा सरकला होता, ताई. नानांचे पाच होते तिथेच होते. चौतीस वर्षांत एक मिनिट न चुकलेल्या माणसाला मी उशीर केलात म्हणालो, तेही तो वेळेवर आलेला असताना. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी मी नानांना फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं, जबड्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “सगळ्या देशाची घड्याळं एका रात्रीत सरकवतात?”

“हो नाना.”

“आणि लोक काही म्हणत नाहीत?”

“नाही.”

“सातवीत नापास झालास, तेव्हा यापेक्षा बरी थाप मारली होतीस,” ते म्हणाले. “मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस, कळलं. कामात असशील, ताईला देतो.”

तिथून पुढे ते हेच म्हणतात. मी फोन केला की कामात असशील, ताईला देतो. सहा महिने होत आले, त्यांनी आपणहून मला एकदाही फोन केलेला नाही. तू लिहिलंस, की बुधवारी पाचला अजूनही खुर्ची ओढून फोनपाशी बसतात, हात लावत नाहीत, आणि सव्वापाचला उठतात. ते वाचल्यापासून मला बुधवार नको झालाय. दोनशे वेळा मनात म्हटलं असेल, की निदान माझ्या बाबतीत तरी त्यांनी थापेवर विश्वास ठेवावा. पण जे सांगतोय ते खरं आहे आणि थापेसारखं वाटतंय, याला काय करायचं?

आता तीन आठवड्यांनी इथली घड्याळं परत मागे येणार. मी विचार केला, गप्प बसावं, फरक पुन्हा साडेचार होईल, तू नानांना एकदा फोन करायला लाव, साडेबाराला मी डबा घेऊन तयार. पण मग नानांना वाटणार गोळ्या लागू पडल्या, आणि उन्हाळ्यात पुन्हा तेच. म्हणजे ते दर सहा महिन्यांनी आजारी पडणार आणि दर सहा महिन्यांनी बरे होणार. म्हणून पुरावाच पाठवतोय. इथल्या वर्तमानपत्राचं कात्रण पाकिटात आहे. अक्षर तुमच्यापैकी कोणाला लागणार नाही, पण घड्याळाचं चित्र आहे, काट्यापाशी बाण आहे आणि तारीख आकड्यांत आहे. नानांच्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांना घरी चहाला बोलाव, कात्रण सहज टेबलावर राहिल्यासारखं ठेव, आणि त्यांच्याच तोंडून हे वदवून घे. मास्तरांचं नाना ऐकतात. एवढं माझ्यासाठी कर.

दाजींना नमस्कार. नानांना काय सांगायचं ते तूच ठरव. टाचेला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मास्तरांसमोर तो सातवीचा विषय निघू देऊ नकोस. नापास त्यांनीच केलं होतं.

ता. क. दुसरा. एक लिहायचं राहिलं, किंवा मीच राहू दिलं. गेले पाच महिने मी मुकादमबाईला सांगून बुधवारची सुट्टी दीडला घेतो. बाकीचे साडेबाराला जेवतात, मी दीडला, एकटा, डब्याशेजारी फोन ठेवून. बाई काही विचारत नाही. दोन वाजले की मी उठतो.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडलं. ताई, मास्तरांना बोलावू नकोस आणि कात्रण फाडून टाक. सहा पानं मी सिद्ध करत बसलो, की नाना वेळेवर होते. समजा नसते? समजा, खरंच तासभर उशीर झाला असता? त्या दिवशी बाई मागे उभी होती, काम बिघडलं होतं, मला लाज वाटत होती, आणि ती मी नानांवर काढली. त्यात कोणत्याही देशाच्या घड्याळाचा काही संबंध नाही. त्यांना एवढंच सांग, की धाकट्याने माफी मागितली आहे आणि तो फोनची वाट बघतो. आणि उद्या देव न करो, ते खरंच विसरायला लागले, तरी त्यांना अडवू नकोस. वार चुकला, पहाटे केला, दुसऱ्या कोणाला लावायचा म्हणून मला लागला, तरी करू दे. ते जेवलास का म्हणाले, की मी जेवतोय म्हणेन.