भाग्यश्रीचे नाकतोडे आणि तू सुचवलेलं स्थळ

आष्टा,
मंगळवार, दुपार

ती. अक्कास,

राजमतीचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? साताऱ्याच्या थंडीत मंदिराच्या पायऱ्या भरभर चढत जाऊ नकोस, देव कुठं पळून जात नाही. इकडे आम्ही खुशाल आहोत (म्हणजे जेवतो, झोपतो, मी झोपत नाही, पण जेवते). फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस, आणि ही हकिकत अडवत ऐकायची नाही. लिहितानासुद्धा मी सारखी उठतेय. आत्ताच गॅस बंद आहे का बघून आले. बंदच होता.

तुझी भाची भाग्यश्री सांगलीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते, एवढं तुला ठाऊक आहे. तिचा विषय काय, ते मलाही गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. किडे अंगात साखर कुठं साठवतात आणि ती कशी खर्च करतात, हा विषय. (उसाच्या गावातली पोरगी, दुसरं काय सुचणार?) तिच्या प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं, दुरुस्ती निघाली, आणि परीक्षा तर तोंडावर. मग बाईसाहेब प्रयोगातले नाकतोडे घरी घेऊन आल्या आणि माझ्या दुधाच्या जाळीच्या कपाटात सोडले. तेव्हापासून दूध ओट्यावर आणि नाकतोडे कपाटात. येता-जाता मांजर दुधाकडे बघतं, मी मांजराकडे, आणि नाकतोडे आम्हा दोघींकडे.

तिनं मला समजावलं ते असं, की नाकतोड्याच्या रक्तातली साखर आपल्यासारखी नसते, दोन ग्लुकोज एकमेकांना जोडून झालेली असते, तिचं नाव ट्रेहॅलोज. जादा झालेली साखर तो अंगातल्या चरबीच्या गोळ्यांत ठेवून देतो, आणि उडायची वेळ आली की तिथून ती परत रक्तात येते. आधी साखर जळते, आणि लांबचा पल्ला असला तर मग चरबी. मी म्हटलं, हे तुला कळतं कसं? तर म्हणाली, ‘थेंबभर रक्त काढून.’ अक्का, मी खालीच बसले. आपण पाणी गाळून पिणारी माणसं, अंधार पडायच्या आत ताटं उचलणारी, आणि आपल्या पोरीच्या हातात सुई! ‘आई, जीव जात नाही गं,’ असं म्हणून तिनं माझ्यासमोर एकाच्या पायाच्या सांध्यातून पाण्यासारखा थेंब काढून दाखवला. तो गडी लगेच मक्याचं पान कुरतडायला लागला. तरी मी णमोकार मंत्र म्हटला. त्याच्यासाठी का तिच्यासाठी, ते विचारू नकोस.

आणि आमचे हे! आयुष्यभर उसातनं नाकतोडे हाकलणारा माणूस त्यांच्या पायी खुळावला. नाकतोड्याच्या पाठीवर मेणानं दोरा चिकटवायचा, त्याला टेबलफॅनसमोर टांगायचं, पायाखाली जमीन नाही म्हटल्यावर तो पंख मारायला लागतो. मग किती वेळ उडतो ते मोजायचं. घड्याळ धरायचं काम ह्यांच्याकडे. ‘आता साखर सपली बघ, चरबीवर चाललाय गडी!’ असं ओरडून बोलतात, आणि स्वतःच्या पोटावरनं हात फिरवतात.

नेमकं अशातच रविवारी तू सुचवलेलं स्थळ आलं. सन्मती, त्याची आई आणि काका. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी! सोप्यातला एकच प्लग चालतो, त्यामुळं फॅन तिथं, नाकतोडा तिथं, आणि पाहुणेही तिथंच. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, बंद करा. हे म्हणाले, ‘थोडा दम धर, ह्यो आजवर सगळ्यात लांब चाललाय.’ भाग्यश्रीनं पाहुण्यांना नमस्कार केला तो एका हातानं, दुसऱ्या हातात दोरा. पोह्यांच्या बशा हातात पडल्या, आणि तेवढ्यात मेण सुटलं. नाकतोडा थेट सन्मतीच्या आईच्या पदरावर. बाई किंचाळल्या, काकांच्या हातची पोह्यांची बशी सांडली. भाग्यश्रीनं मात्र शांतपणे त्याला ओंजळीत घेतलं आणि आधी त्याचे पंख तपासले. पाहुणीला काही झालं का, हे मग विचारलं. (हे मी तिला नंतर बोलले.)

चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, ‘पोरगी गुणाची हाय. पण आमच्यात असलं किड्यांचं काय चालायचं न्हाई. शिकली तेवढं बास झालं.’ मुलगा इंजिनिअर, कारखान्यात साहेब, पण गप्प, मान खाली, पोहे खात. मी भाग्यश्रीकडे बघितलं. तिची ओंजळ अजून मिटलेली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मग आमची पोरगी आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.’ अक्का, त्या कपाटापायी सकाळपासून शिव्या देणारी मी! पाहुणे गेले. ह्यांनी उठून माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. भाग्यश्री आत जाऊन रडली. मला वाटलं माझ्यावर रागावली. तसं नव्हतं, ‘आई, तू माझ्या बाजूनं बोललीस,’ म्हणाली.

असो. तब्येत सांभाळ. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझी,
राजमती

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण. ती माणसं तुझ्या गल्लीतली. आमचा नकार तूच त्यांना नीट शब्दांत कळव. मला जमायचं नाही, भांडण होईल.

ता. क. २ : थांब! कळवू नकोस. आत्ता सन्मतीचा फोन आला होता, माझ्या मोबाईलवर, भाग्यश्रीसाठी. त्या दिवशी आईसमोर बोललो नाही, चुकलं, म्हणाला. घरी जाऊन भाग्यश्रीच्या बाजूनं बोलला, तेव्हापासून मायलेकरांत अबोला आहे. भाग्यश्री मोबाईल घेऊन गच्चीवर गेली ती अजून खाली नाही. हसल्याचं ऐकू येतंय. आता तू त्याच्या आईकडे जा, जवळ बस, आणि मी त्या दिवशी तापानं फणफणले होते म्हणून सांग.

ता. क. ३ : हे पत्र ह्यांच्याकडे टाकायला दिलं तर आठवडाभर खिशात राहील, आणि तू एकटी जाऊन काहीतरी वेगळंच बोलून बसशील. माझा इथं पाय ठरत नाही. संध्याकाळच्या एसटीनं मीच निघते. पत्र मागनं येईल, आलं की न वाचता फाडून टाक.