नऊ फुटांचा खरेपणा

तीर्थस्वरूप रॉस्को दाजी यांस,

ज्या टेबलावर हे लिहितोय ते टेबल, बुडाखालची खुर्ची, दुकानातलं अक्रोडाचं काउंटर, त्यामागचे खण, चाकाच्या खुर्चीसाठी दाराबाहेर केलेला उतार, दारसुद्धा (ओकचं, सबंध), आणि सायकलच्या जुन्या चाकापासून बनवलेलं मोजणीचं चाक, एवढं सगळं कुणाच्याही हाताखाली न शिकता स्वतःच्या हातांनी केलेल्या तुमच्या मेव्हण्याचा, ऑरिनचा, नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? मेव्हिसताईचे पीच बरण्यांत भरून झाले का? (झाकणं घट्ट लाव म्हणावं. गेल्या वर्षीची बरणी माझ्या गाडीत उघडली होती.)

आमच्या औषधी गांजाच्या दुकानाबद्दल तुमचं मत मला ठाऊक आहे. ताईच्या वाढदिवसाला तुम्ही ते केक कापायच्या आधीच सांगितलंत. तरीही झालं ते तुमच्या कानावर माझ्याकडूनच जावं. लार्कस्पर बेंडमध्ये वर्षभरात अशी पाच दुकानं झाली, तेव्हा नगर परिषदेने ठरवलं की सहा महिने नवं दुकान नको, आणि जुन्यांपैकी जे पाळणाघराच्या दारापासून हजार फुटांच्या आत असेल त्याने महिन्यात गाशा गुंडाळावा. आम्हाला कसली चिंता? परिषदेच्या नकाशात मेथडिस्ट चर्चच्या पाळणाघरापासून आमचं दार एक हजार बारा फुटांवर होतं. बायको डार्लीन म्हणाली, "ऑरिन, सभेत जा, तीन मिनिटं गोड बोल, आणि घरी ये."

पण दाजी, तो नकाशा मी पाहिला, आणि त्यात धोबीखान्यामागची गल्ली चक्क वाकडी! (सरळ आहे ती. तिथल्या कुंपणाचे खांब मी पुरलेत.) वाकडी रेघ पाहून मला जेवण जात नाही. चाक काढलं आणि या दारापासून त्या दारापर्यंत फिरवून आलो. दोनदा.

सभेत बोलणाऱ्यासमोर वेळ दाखवणारे दिवे असतात, हिरवा, पिवळा, लाल. माझा हिरवा लागला. मी आपल्या गिऱ्हाइकांबद्दल बोललो, हॅस्केलबाबांना आमच्या औषधामुळे आता सूप पचतं हे सांगितलं, बायका डोळे पुसायला लागल्या. तिथे थांबायचं होतं. पण हिरवा अजून जळत होता, आणि चाक माझ्या हातात होतं.

"तुमचा नकाशा मात्र चुकलाय," मी म्हणालो. "बरोबर अंतर नऊशे एक्क्याण्णव."

महापौरबाई मिसेस प्रूइटनी चष्मा काढला. "मिस्टर टिबेट्स, म्हणजे तुमचं दुकान हद्दीच्या आत येतं?"

"येतं म्हणजे काय! चांगलं नऊ फूट आत येतं!"

 मग मागून हॅस्केलबाबांचा आवाज आला, "अरे शहाण्या, तू आमचा वकील की त्यांचा?"

डार्लीन म्हणाली, "ऑरिन, खाली बस."  (दुसऱ्या दिवशी चाक मला कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलं.) आता पहिल्या तारखेला दुकान बंद, आणि नवं काढायला सहा महिने बंदी. हॅस्केलबाबांना दर आठवड्याला शेजारच्या गावी जायला लागेल, आणि त्यांची नजर आता गाडी चालवायची राहिलेली नाही.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार.

तुमचा,
ऑरिन

ता. क. नियमात अंतर दारापासून दारापर्यंत मोजायचं आहे. दार मागच्या भिंतीत नेलं तर अंतर एक हजार तेरा फूट होतं. मिसेस प्रूइटना विचारलं, चालेल म्हणाल्या. दार काढीन मी, बसवीनही मीच. पण ती भिंत विटांची आहे, आणि दाजी, विटांचं काम तेवढं मला स्वतःचं स्वतः शिकता आलेलं नाही. (आमच्या धुराड्याबद्दल ताईला विचारू नका.) तुम्ही चाळीस वर्षं गवंडी होतात. शनिवारी याल का? चर्चमध्ये हवं तर सांगा की मेव्हण्याला पाळणाघरापासून लांब न्यायला गेलो होतो.

ता. क. २. पाठीसाठी दुकानातलं काही मागू नका. डॉक्टरांनी दिलेल्या कार्डाशिवाय मी सख्ख्या दाजींनाही देणार नाही. डॉक्टर मात्र वरच्याच मजल्यावर बसतात.

ता. क. ३. गावातल्या उरलेल्या चार दुकानांची अंतरंही मीच मोजून द्यावीत, माझ्याइतका काटेकोर माणूस गावात नाही, असं मिसेस प्रूइट सगळ्यांदेखत म्हणाल्या. तसं त्यातल्या दोन दुकानांपाशी मी चाक आधीच फिरवून आलो होतो (आकडे विचारू नका). मी नाही म्हणालो. डार्लीनला बोलू नका, बाराशे डॉलर देत होते.